डाग एक, तांबूस

आज घड्याळं एक तास मागे गेली. दर वर्षी या रविवारच्या माझ्या यादीत पाच नोंदी असतात: ओव्हन, गाडी, हॉलमधलं घड्याळ, हीटिंगचा टायमर, आईला फोन. पहिल्या चार नऊच्या आत उरकल्या. पाचवीपाशी मी अडले आहे. चहा घेऊन खिडकीशी बसले आहे आणि मागच्या अंगणातली पानं बघते आहे. पानांचा बिन मंगळवारी उचलतात, म्हणजे ती आजच गोळा करायला हवीत. पण आधी फोन.

मागच्या वर्षी या फोनवर मी इकडे ये म्हटलं, तेव्हा आई म्हणाली होती, "थंडी सोसत नाही गं आता. बघू पुढच्या वर्षी." मी मुकाट्यानं 'बरं' म्हटलं. या वर्षी म्हणणार नाही, हे मी ठरवलं आहे.

दोन वर्षांपूर्वी याच रविवारी ती या खुर्चीत बसली होती. तिच्या मनगटावरचं घड्याळ कोल्हापूरच्याच वेळेवर होतं. इथली वेळ भिंतीवर असते, ती बघता येते, असं तिचं म्हणणं. मी स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ मागे केलं, तेव्हा तिनं बोटांवर हिशेब केला.

"म्हणजे काल कोल्हापूर साडेचार तासांवर होतं, आणि आज साडेपाच?"

"हो."

"आणि हे कुणाला विचारून केलं?"

मी हसले. तीही हसली. एका रात्रीत घर तासभर लांब गेलं, ही गोष्ट तिला मनापासून पटली नव्हती. त्या वर्षी दिवाळी उशिरा होती, नोव्हेंबरात. कॉव्हेंट्रीत त्या दिवसांत साडेचारला अंधार पडतो. ओल्या पानांचा आणि कुणाच्या तरी अंगणात जळणाऱ्या लाकडांचा वास रस्ताभर असतो. हा वास आला की मला अजून रिठ्याचा वास आठवतो. का, ते सांगते.

मी हॉस्पिटलात ऑपरेशनच्या याद्या लावते. कुठल्या थिएटरमध्ये कुणाचं ऑपरेशन, कोणते सर्जन, आधी कोण, नंतर कोण. दिवसभर इंग्रजीतल्या याद्या करून घरी आलं की मी घरच्या याद्या मराठीत करते. तेवढाच हाताला बदल. नवरा सोमवार ते शुक्रवार केंब्रिजला असतो, मुलगी मुक्ता कार्डिफला पीएचडी करते, त्यामुळे घर चालतं ते फ्रीजवरच्या कागदांवर.

आणि मी जुनी अमेरिकन सोन्याची नाणी जमवते. लोक विचारतात, राहतेस इंग्लंडमध्ये, मूळची कोल्हापूरची, मग अमेरिकेचं मध्येच काय? खरं उत्तर साधं आहे. मुक्ताच्या दहावीला, म्हणजे इथल्या जीसीएसईला, एक गिनी घ्यावी म्हणून मी नाण्यांच्या जत्रेत गेले होते. तिथल्या एका ट्रेमध्ये वीस डॉलरचं नाणं पडलं होतं, मोठं, जड, गरुडाचं. मी ते कडेनं धरून उचललं आणि खाली ठेवायला विसरले. पुढं कळलं की अशी कितीतरी नाणी युरोपात सापडतात. ती व्यापारात इकडे आली आणि बँकांच्या पेट्यांत पडून राहिली. गेल्या शतकात तिकडच्या सरकारनं लोकांकडून सोनं परत मागितलं आणि बरंचसं वितळवलं. घरी राहिली ती पुष्कळशी आटली. परदेशी गेलेली वाचली. यातून काही मोठा अर्थ काढायचा मोह होतो. मी काढत नाही. माझी आई घरीच राहिली आणि चांगली खणखणीत आहे.

माझ्या यादीत आठ नाणी होती. अमेरिकन सोन्याच्या शेवटच्या काळातले आठ प्रकार. प्रत्येकी एक, चांगल्या अवस्थेतलं. सात मिळायला नऊ वर्षं लागली. आठवं होतं पाच डॉलरचं, 'इंडियन हेड'. साधारण आपल्या गिनीएवढं. त्याची गंमत अशी की त्यावरची छाप वर आलेली नाही, आत खोल गेलेली आहे, ओल्या मातीत शिक्का दाबावा तशी. चेहरा, पिसांचा मुकुट, सगळं खळग्यांत. त्यामुळे नाण्याचा सपाट भागच सगळ्यात वर राहतो आणि ओरखडे आधी त्याच्यावर उठतात. म्हणून हे नाणं चांगलं मिळणं कठीण. ते निघालं तेव्हा लोकांनी तक्रार केली होती म्हणे, की या खळग्यांत मळ साचेल. दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात मला ते मिळालं, आणि ऑक्टोबरात आई आली.

आईचे वडील कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, सोनारकाम करायचे. दुकान दुसऱ्याचं, हात यांचे. लहानपणी आई त्यांच्या शेजारी बसून फुंकणीची नळी धरायची. मी नाणं तिच्या तळव्यावर ठेवलं. तिनं ते नुसतं तोललं, उजेडाकडे तिरकं केलं.

"बावीस नाही हे. तांबं जास्त आहे."

"एकवीस पूर्णांक सहा."

"तेच म्हणतो मी." आमच्याकडे कोल्हापुरात बायकाही 'मी करतो, मी जातो' म्हणतात. मुक्ताचं मराठी बोलताना लिंग चुकतं, पण आजीशी बोलताना ते कुणाच्या लक्षातच येत नाही. "आणि हा कुठला इंडियन? आपल्यातला दिसत नाही."

"अमेरिकेतले मूळचे लोक, आई. तिथं पोचलेल्या गोऱ्यांना वाटलं आपण इंडियालाच आलो."

"आणि मग चूक कळल्यावर?"

"नाव तसंच राहिलं."

"बघ," ती म्हणाली, "एकदा लिहून ठेवलं की पुसत नाही."

त्या महिन्यात घराची घडी छान बसली होती. मी सकाळी सातला निघायचे. आईसाठी फ्रीजवर रोज एक कागद असायचा: बिन कोणता बाहेर काढायचा, पार्सल आलं तर कुठं ठेवायचं, दुपारचं औषध. ती पेन्सिलीनं प्रत्येक ओळीवर बरोबरची खूण करायची आणि शेवटी लिहायची, 'झालं'. मला तिच्या त्या 'झालं'चा फार आधार वाटायचा. हॉस्पिटलात इतकी माणसं आहेत, पण दिवसाच्या शेवटी असं कुणी लिहून देत नाही.

आमच्या नाणेमंडळाचं वर्षातून एकदा छोटं प्रदर्शन असतं, चर्चच्या हॉलमध्ये, शनिवारी दुपारी. पंधरा-वीस सभासद आपापला ट्रे मांडतात. मंडळाचा सगळ्यात जुना सभासद डेरेक. मोटारींच्या कारखान्यात त्यानं जन्मभर अवजारं घडवली. केसाएवढी चूकही त्याला डोळ्यांनी दिसते. त्या वर्षी माझे आठही प्रकार पहिल्यांदा एकत्र मांडायचे होते. एरवी ही नाणी जिथं असतात तिथं असतात, ती जागा मी लिहिणार नाही. पण फोटो काढायला प्रदर्शनाआधी आठवडाभर ती घरी आणली होती. जेवणाच्या टेबलावर ट्रे, आणि शेजारी माझी यादी. रकाने पाच: नाव, वर्ष, वजन, कुठून घेतलं, डाग.

डाग म्हणजे दोष. ओरखडा, कडेला बसलेला ठोका, काय असेल ते. सात नाण्यांपुढं मी लिहिलं होतं, 'नाही'. इंडियनपुढं लिहिलं होतं, 'एक, तांबूस, गालाजवळ'. या सोन्यात तांबं असतं, कधीकधी ते ठिपक्यासारखं वर दिसतं. जमवणारे त्याला हात लावत नाहीत. नाण्याच्या वयाची ती खूण असते.

हे सगळं मला माहीत होतं. यादीत ते कुठंच नव्हतं.

धनत्रयोदशीच्या दिवशी मी पाचला घरी आले. दार उघडल्याबरोबर रिठ्याचा वास आला, आंबूस, साबणासारखा, थेट माझ्या लहानपणातला. दिवाळीआधी आई घरातलं सगळं सोनं रिठ्याच्या पाण्यात भिजवायची, मऊ ब्रशनं घासायची आणि हळदीच्या कोरड्या पुडीनं पुसायची. मला बरं वाटलं. मी कोट काढता काढता आत डोकावले. देवापुढं चांदीचं ताट होतं. त्यात माझ्या लग्नातली पुतळ्यांची माळ, दोन बांगड्या, आणि मधोमध इंडियन. घासलेल्या तांब्यासारखा लखलखीत. पिसांच्या खळग्यांत कुंकू.

"आई, हे काय केलंस?"

"गेला की नाही डाग?" ती खुशीत होती. "जरा चिवट होता, पण गेला."

"तुला कुणी सांगितलं होतं याला हात लावायला?"

"तूच." तिनं टेबलावरची यादी आणून पुढं धरली. "हे बघ. बाकी सगळ्यांना डाग नाही लिहिलंयस, त्यांना मी शिवलो नाही. याला एक आहे लिहिलंस."

यादीवर आठव्या ओळीपुढं पेन्सिलीनं बरोबरची खूण होती. खाली लिहिलं होतं, 'झालं'.

दोष तिचा नव्हता. तिच्यासाठी या घरातली प्रत्येक यादी ही करायच्या कामांची यादी होती, आणि तशी सवय मीच लावली होती. हे मला दोन मिनिटांनी कळलं. पण त्या दोन मिनिटांत मी जे म्हणायचं ते म्हणून बसले होते:

"अगं, विचारायचं तरी!"

आवाज फार चढला नव्हता. हॉस्पिटलात मी याहून जोरात बोलते. आईनं नाणं ताटातून उचललं, मी करते तसं कडेनं धरून, आणि ट्रेमधल्या त्याच्या जागी ठेवलं. मग बांगड्या उचलल्या. माळ मात्र ताटातच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं विचारलं, "चहा करू काय?" मला काहीच खटकलं नाही. संध्याकाळी विचारलं, "दिवा लावू काय?" मग सुरूच झालं. खिडकी उघडू काय. भाजी चिरून ठेवू काय. मुक्ताला फोन लावू काय. ज्या बाईनं मला पोळी लाटायला शिकवलं ती माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून विचारत होती, कणीक मळू काय. मी म्हणायचे, "आई, विचारतेस काय?" ती म्हणायची, "विचारलेलं बरं." त्यात टोमणा नव्हता. असता तर सोपं होतं, मी भांडले असते.

मुक्तानं कार्डिफहून फोन केला. "आई, तू कॉईनसाठी आजीला ओरडला?"

"ओरडले नाही."

"आजी म्हणते, मी काय बोलणार, तिचा घर आहे." तिचं मराठी नेहमीसारखं मोडकं होतं, पण निरोप धड पोचला.

मी डेरेककडे नाणं घेऊन गेले. त्यानं भिंग डोळ्याला लावलं, नाणं दिव्याखाली हळूहळू फिरवलं. सपाट भागावर घासल्याच्या बारीक रेघा होत्या, एका दिशेनं गेलेल्या, मला नुसत्या डोळ्यांनीही दिसत होत्या.

"कुणी?"

"माझ्या आईनं."

"हात चांगला आहे तिचा," तो म्हणाला. "एकसारखा. आणि हे लाल काय आहे?"

मी कुंकू समजावून सांगितलं. मग विचारलं, ते काढता येईल का, मी स्वतः, अगदी अलगद.

"नको. एकदा घासलं ते घासलं. आता नीट करायला जाशील तर दुसऱ्यांदा बिघडवशील. राहू दे तसंच. खाली तिकिटावर काय झालं ते लिही." नाण्याच्या खाली ठेवायच्या गोल चिठ्ठीला हे लोक तिकीट म्हणतात. नाणं कुठून आलं, आधी कुणाकडे होतं, ते त्यावर लिहायचं असतं.

हा सल्ला मी नाण्यापुरता ऐकला. आईच्या बाबतीत ऐकला नाही, तिथं मी दुसऱ्यांदा घासायला गेले. प्रदर्शनाला तिला घेऊन जायचं, लोकांनी तिच्याशी बोलावं, तिचं सोन्यातलं ज्ञान सगळ्यांना दिसावं, असं मी ठरवून टाकलं. यादीच केली म्हणा ना.

हॉल गार होता. लांब टेबलांवर हिरवं कापड, कोपऱ्यात चहाची किटली. आई नऊवारीवर माझा जाड कोट घालून माझ्या ट्रेमागं बसली. आपला इंडियन बघायचं तिनं टाळलं. मग डेरेक त्याचा लाडका नग घेऊन आला, दहा डॉलरचा. मी मध्ये दुभाषी. आईनं ते नाणं कडेनं फिरवलं, एका जागी थांबली, अंगठ्याचं नख तिथं टेकवलं.

"इथं कडी होती. गळ्यात घातलेलं आहे हे कुणीतरी. डाग दिलाय आणि मग घासून काढलाय."

सोनार झाळून जोडतात त्यालाही कोल्हापुरात डाग देणं म्हणतात. मी भाषांतर केलं. करायला नको होतं, किंवा हळू करायला हवं होतं. शेजारच्या दोघांनी ऐकलं. डेरेकनं भिंग लावलं. बराच वेळ बघितलं. भिंग खिशात ठेवलं आणि तो चहा आणायला निघून गेला. तीन कप घेऊन आला, आईच्या कपात न विचारता दोन चमचे साखर घालून. "सव्वीस वर्षं माझ्याकडे आहे हे," एवढंच म्हणाला.

मला वाटलं, जमलं. बसमध्ये मी आईला म्हणाले, "बघितलंस? जे डेरेकला दिसलं नाही ते तुला दिसलं."

ती खिडकीबाहेर बघत होती. "मी उगीच बोललो," ती म्हणाली. "त्या माणसाचं तोंड उतरलं. विचारायचं होतं आधी, सांगू काय म्हणून."

फेब्रुवारीत ती कोल्हापूरला परत गेली. जाताना बॅग तिनं स्वतः भरली, एक वस्तू मागं राहू दिली नाही. फ्रीजवरच्या शेवटच्या कागदावर सगळ्या ओळींवर खुणा होत्या. खाली 'झालं' होतं. मी तो कागद फेकला नाही आणि कुठं ठेवलाय ते यादीतही लिहिलेलं नाही.

या दोन वर्षांत मी त्या 'डाग' शब्दाचा बराच विचार केला. आमच्या घरात डाग म्हटलं की पहिल्यांदा दागिनाच डोळ्यापुढं यायचा. बाईच्या अंगावर चार डाग असावेत, आजी म्हणायची. पुतळ्यांची माळ हा तिचा मोठा डाग. सोनार डाग देतो तो जोडण्यासाठी, दोन तुकडे धरून राहावेत म्हणून. आणि मी, नऊ वर्षं नाण्यांचा इंग्रजीत विचार करून, रकान्यात फक्त एकच अर्थ ठेवला होता: खोट. त्यातही ती खोट नव्हतीच, वय होतं. आईनं मात्र शब्द वाचला तो माझ्याच अर्थानं, आणि माझंच काम केलं.

दुसरं इंडियन हेड मला मागच्या उन्हाळ्यात मिळत होतं, या नाण्यापेक्षा चांगलं. मी ते हातात घेतलं आणि परत दिलं. भावनेनं नव्हे. माझी यादी आठ नाण्यांची आहे, आठ झालेली आहेत. आठव्याच्या तिकिटावर मी बारीक अक्षरात लिहिलं आहे: 'धनत्रयोदशीला आईनं रिठ्यानं धुतलं. कुंकू आहे, काढू नये.'

चहा संपला. कोल्हापुरात आता दुपारचे सव्वातीन, आई उठून बसली असेल. बोलायच्या मुद्द्यांची यादी मी केली होती: औषध, विमानात व्हीलचेअर, गरम कपडे, माफी. तो कागद मी उलटा ठेवला आणि फोन लावला.

"घड्याळ मागं केलंस काय?" तिचं पहिलं वाक्य.

"केलं. आई, एक विचारायचं होतं."

"विचार की."

"पुतळ्यांची माळ मळली आहे. मण्यांच्या मध्ये काळं धरलंय. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घालायची आहे. रिठे किती घेऊ आणि पाणी किती गरम?"

"भिजवलीस काय?" आवाज एकदम वर गेला.

"नाही अजून. पण ब्रश काढून ठेवलाय—"

"ठेव तो ब्रश खाली! आतून लाख भरलेली असते पुतळ्यांमधल्या मण्यांत, गरम पाण्यात घातलीस तर सगळं खुळखुळं होईल. तुझ्या त्या इंडियनसारखं भरीव नाही ते. अगं, कशाला हात लावायच्या आधी विचारायचं तरी!"

मी खुर्चीत मागं टेकले. दोन वर्षं माझा तो शब्द तिच्याकडे होता. आज तिनं तो माझ्या अंगावर भिरकावला, चांगला नेम धरून.

"म्हणून तर विचारते आहे," मी म्हणाले.

"विचारून तुला जमणार नाही ते. मी आल्यावर बघतो."

"थंडी?"

"थंडीला काय करायचंय? स्वेटर आहेत की." मग आवाज खाली आणून, "त्या इंडियनचं कुंकू काढलंस काय गं?"

"नाही. तसंच आहे."

"बरं केलंस. तिकीट कधीचं काढतीस?"

फोन ठेवल्यावर मी यादी सुलट केली. औषध, व्हीलचेअर, गरम कपडे तसेच ठेवले. माफीवर रेघ मारली, मागितली असती तर ते पुन्हा घासणंच झालं असतं. पानं अजून अंगणात आहेत, अंधाराच्या आत गोळा करायची आहेत, आणि आज अंधार तासभर आधी पडणार आहे. उठण्यापूर्वी खाली एक ओळ वाढवली:

रिठे. किती, ते आई सांगेल.